कापड, सरस आणि खडू : इजिप्तचा ममी-मुखवटा घडवताना

मंजिष्ठा
रविवार, सकाळी १०:४०

इजिप्तचा मुखवटा म्हटलं की तुतनखामन राजाचा सोन्याचा चेहराच डोळ्यांपुढे उभा राहतो. तो आहेच तसा. ५४ सेंटीमीटर उंच, १० किलोंपेक्षा जास्त वजनाचा, डोळ्यांभोवती लाजवर्द (निळा मौल्यवान दगड), डोळे स्फटिकाचे आणि बुबुळं ऑब्सिडियनची. पण त्या एका मुखवट्याच्या झळाळीत बाकीचे सगळे झाकोळून गेले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण इजिप्तमधले बहुतेक ममी-मुखवटे भरीव सोन्याचे नव्हतेच. वापरून जुनं झालेलं लिनन, सरस आणि चुनखडीची पूड एवढ्यावर ते उभे राहत. या कामाला कार्टोनाज म्हणतात. युया आणि तुया हे राजा अमेनहोतेप तिसरा याचे सासू-सासरे. त्यांची कबर १९०५ मध्ये सापडली. त्यांचे मुखवटे पाहिले तर वरून सोनं, आत मात्र कापडच. राजाच्या सासरची ही गोष्ट.

मी या हिवाळ्यात त्याच पद्धतीने एक मुखवटा केला. कृती विचारणारे बरेच जण आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी मुखवटा कशासाठी ते. पिरॅमिडांच्या काळात ममीच्या तोंडावर गुंडाळलेल्या कापडावरच थेट गिलावा देऊन नाक-डोळे घडवत. पुढे इ.स.पू. २१०० च्या आसपास डोक्यावरून खांद्यांपर्यंत बसवायचा वेगळा मुखवटा आला. त्यामागे चेहरा झाकायचा हेतू नव्हता, मेलेल्या माणसाला देवाचा चेहरा द्यायचा होता. देवांचं मांस सोन्याचं, हाडं चांदीची आणि केस लाजवर्दाचे अशी त्यांची श्रद्धा. तुतनखामनच्या मुखवट्याच्या पाठीवर आणि खांद्यांवर मृतांच्या पुस्तकातला १५१ वा मंत्र कोरलाय. तो मुखवट्यालाच उद्देशून आहे. तुझा उजवा डोळा म्हणजे सूर्याची रात्रीची नाव, डावा डोळा दिवसाची नाव, भुवया म्हणजे नऊ देव, माथा अनुबिस, मान होरस, केस प्ताह-सोकर. गोरगरिबांच्या कापडी मुखवट्यावर इतका मजकूर नसेल, पण काम तेच.

आता कृती.

साचा मी शाडूचा केला. तिकडे चिखल आणि पेंढ्याचा गाभा वापरत. साच्यावर फार बारीक काम करू नका, कारण वरून कापड आणि गिलाव्याचे थर चढले की सगळं बुजतं. त्याऐवजी नाकाचा शेंडा, पापण्यांच्या कडा आणि ओठांमधली रेघ वाजवीपेक्षा जरा जास्त उठावाची ठेवा. साचा सावलीत पुरता वाळला की त्यावर पातळ प्लॅस्टिक ताणून बसवायचं, म्हणजे कापड त्याला धरत नाही.

कापड मांजरपाटाचं घेतलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. कोरं घेऊ नका, त्याला खळ असते आणि ती सरस आत जिरू देत नाही. सरस सुतारकामाच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो दाणेदार. रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी एका भांड्यात गरम पाणी घेऊन त्यात सरसाचं भांडं ठेवायचं आणि सावकाश वितळू द्यायचा. उकळला तर त्याची पकड जाते. पट्टी बुडवायची, दोन बोटांत निपटायची आणि कपाळापासून खाली लावत यायचं. पहिला थर उभा, दुसरा आडवा, तिसरा तिरका. नाकपुडीच्या वळणावर कापड हमखास सुरकुततं. तिथल्या पट्ट्या उरेब, म्हणजे विणीला तिरक्या कापा, छान वळतात.

कापड कडक झालं की गिलावा, म्हणजे गेसो. खडूची पूड आणि पातळ सरस, पळीवाढं होईल इतकं. पहिला हात बोटांनी चोळून विणीत जिरवायचा, पुढचे ब्रशने. इथे एकच नियम जिवापाड पाळायचा : वरच्या थरात खालच्यापेक्षा सरस जास्त नको. वरचा थर जास्त कडक झाला तर वाळताना आक्रसतो आणि खालच्याला ओढून तडकवतो. संग्रहालयातल्या मुखवट्यांवर जाळीदार भेगा दिसतात त्या बघताना आता मला आधी हे आठवतं. अर्थात तिथे हजारो वर्षांची कोरडी हवाही आहेच.

शेवटी बारीक पॉलिश पेपर, मग किंचित ओलं फडकं. मागची बाजू उघडी ठेवली होती, तिथून शाडू टोकरून काढली. मुखवटा हातात घेतला तर वजन जाणवतच नाही, आणि टिचकी मारली की टणटणीत आवाज येतो. आतल्या बाजूने बघितलं तर प्रत्येक पट्टीची कड आणि तिच्यावरची सरसाची रेघ दिसते. बाहेरून देव, आतून शिवणकामाच्या टोपलीतल्या चिंध्या. मला ही आतली बाजू बाहेरच्या इतकीच आवडते.

रंगांबद्दल नंतर लिहिते. कोणी हे काम केलं असेल तर आपली पद्धत जरूर सांगा.

सुतारपक्षी
रविवार, दुपारी १:१५

सुरेख लिहिलंय. गेसोचा नियम लाकडावरच्या पॉलिशलाही लागू पडतो.

शवपेट्यांबद्दल माझी भर. मी हौशी सुतार आहे आणि इजिप्तच्या सुतारांपुढे नतमस्तक आहे, कारण त्यांच्याकडे धड लाकूडच नव्हतं. देशी झाडं म्हणजे सायकमोर उंबर, बाभळीच्या जातीची झाडं आणि झाऊ. फळ्या आखूड, वाकड्या, गाठाळ. लांब सरळ देवदार लेबनॉनहून समुद्रमार्गे यायचा, तो श्रीमंतांना. त्यामुळे साध्या पेटीची बाजू नीट पाहिली तर ती ठिगळांची असते. लहान लहान तुकडे कूस-सालाने (एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवून) आणि लाकडी खुंट्यांनी जोडलेले, फटींत भरणा आणि वरून तोच तुमचा खडू-सरसाचा गिलावा. रंगवल्यावर कोणाला पत्ता लागू नये.

आकारही बदलत गेला. मध्य राज्याच्या काळात, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वी, पेटी सरळ चौकोनी, आत माणूस डाव्या कुशीवर, तोंड पूर्वेला. म्हणून पेटीच्या पूर्वेकडच्या बाजूवर डोळ्यांची जोडी रंगवलेली असते, आतल्या माणसाला उगवता सूर्य दिसावा म्हणून. माणसाच्या आकाराची पेटी बाराव्या घराण्याच्या सुमारास येते (इजिप्तची राजघराणी अशी क्रमांकानेच ओळखतात). सतराव्या घराण्यात थीब्ज शहरात पंखांनी वेढलेल्या रिशी पेट्या, अठराव्यात काळ्या, एकविसाव्यात पिवळ्या. पिवळ्या पेट्यांवर चित्रांची इतकी दाटी की बोट ठेवायला मोकळी जागा नाही.

तुतनखामनच्या बाहेरच्या पेटीचं मला फार जवळचं वाटणारं एक काम सांगतो. तीन पेट्या एकात एक आणि सगळ्या दगडी पेटीत. बाहेरची पेटी पायांकडे उंच निघाली, दगडी झाकण बसेना. तेव्हा तिथल्या तिथे तिची बोटांकडची बाजू तासून टाकली. त्या ढलप्या दगडी पेटीच्या तळाशी ही कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरला सापडल्या. ऐन अंत्यविधीच्या वेळी हातात तासणी घेऊन उभा राहिलेला तो सुतार मला स्पष्ट दिसतो.

अनघा_क
रविवार, दुपारी ३:०२

किती सुंदर धागा! तो १५१ वा मंत्र वाचून आपली कवचस्तोत्रं आठवली. एकेका अवयवावर एकेक देव बसवत जायचं, अगदी तसंच.

एक विचारू? मुखवट्यावरचा चेहरा त्या माणसाचा खरा चेहरा असायचा का?

मंजिष्ठा
रविवार, दुपारी ४:३०

@अनघा_क, बहुतेक वेळा नाही. मोठे डोळे, शांत ओठ, तरुण गाल हा ठरलेला चेहरा, आणि तोही त्या त्या राजवटीच्या चालीप्रमाणे. पुरुषाची कातडी तांबूस, बाईची फिकट पिवळी, नाहीतर दोघांना सोनेरी. पेट्यांवर नावासाठी जागा मोकळी सोडलेलीही सापडते, म्हणजे माल तयार असायचा आणि गिऱ्हाईक ठरलं की नाव लिहायचं.

खरे चेहरे हवे असतील तर रोमन काळातल्या फायूम या इजिप्तच्या प्रांताकडे जा. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकात तिथे मुखवट्याच्या जागी पातळ लाकडी फळीवर चित्र काढून ते ममीच्या पट्ट्यांत चेहऱ्यावर बसवत. मधमाशीच्या मेणात रंग कालवून केलेली ती चित्रं. फ्लिंडर्स पेट्री या ब्रिटिश उत्खननकाराला १८८८ मध्ये हवारा इथे ती मोठ्या संख्येने मिळाली. कोणाच्या हनुवटीवर खुंट वाढलेलं, कोणाचे डोळे थकलेले. तिथे माणूस भेटतो. तरी मला विचाराल तर मन त्या ठरलेल्या चेहऱ्याकडेच ओढतं. त्यात समानता आहे : मेल्यावर सगळ्यांना एकच देवरूप.

सुतारपक्षी
रविवार, संध्याकाळी ६:४८

समानतेशी सहमत नाही. ते देवरूप विकत घ्यावं लागायचं. राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव देर अल-मदिना, तिथल्या खापरांवर हिशेब लिहिलेले आहेत. साध्या पेटीला साधारण २० ते ४० देबेन तांबं पडायचं. देबेन म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम. आणि कारागिराचा महिन्याचा धान्याचा पगार साधारण ११ देबेनांचा. म्हणजे दोन ते चार महिन्यांची पुरती कमाई, तीही बऱ्यापैकी पगार असलेल्या माणसाची. शेतमजुराला चटईत गुंडाळून वाळूत पुरत.

आणि ज्यांना मिळालं त्यांचंही टिकलं असं नाही. एकविसाव्या घराण्यात लाकडाची टंचाई झाली, तेव्हा जुन्या पेट्या उघडून, खरवडून, नव्या नावाने वापरल्या. कारा कूनी या संशोधक बाई गेली कित्येक वर्षं पेटीन् पेटी तपासून याचाच अभ्यास करताहेत.

मंजिष्ठा
रविवार, रात्री ९:१०

@सुतारपक्षी, हे बरोबर आहे आणि मी ते मान्य करते. समानता ज्यांना परवडली त्यांच्यापुरतीच.

केंब्रिजकर
सोमवार, पहाटे ४:२०

पेट्यांचा विषय निघालाय म्हणून लिहितो. इथल्या फिट्झविल्यम संग्रहालयात नेस्पावेरशेफित नावाच्या माणसाच्या पेट्या आहेत, इ.स.पू. १००० च्या सुमाराच्या. २०१६ च्या शवपेट्यांच्या प्रदर्शनाआधी त्यांचा कसून अभ्यास झाला. आतल्या पेटीच्या झाकणावर बोटांचे ठसे सापडले. वार्निश ओलं असतानाच कुणीतरी झाकण उचललं होतं. तीन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर, आणि त्याची घाई अजून तिथे आहे. मी त्या पेटीसमोर बराच वेळ उभा होतो, मागची माणसं पुढे निघून गेली.

त्याच पेटीवर त्या गृहस्थाची पदवी नंतर बदललेली आहे. पेटी तयार झाल्यावर त्याला बढती मिळाली असावी. म्हणजे तो जिवंतपणीच आपली पेटी करवून घेऊन बसला होता.

भटकी_वाट
सोमवार, सकाळी ९:५५

मुंबईत २०१२-१३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं ममीचं प्रदर्शन आलं होतं, कोणी पाहिलं होतं का? कर्नाकचा पुजारी नेस्पेरेन्नुब. त्याचं अख्खं अंग कार्टोनाजच्या आवरणात, मंजिष्ठाताईंनी सांगितलं तसलंच काम. ते आवरण न उघडता सीटी स्कॅन करून आत काय आहे ते त्रिमितीत दाखवलं होतं. डोक्याच्या मागे एक मातीचं ओबडधोबड भांडं चिकटलेलं! राळ ओतताना खाली ओघळ धरायला ठेवलं असावं आणि राळ घट्ट झाल्यावर निघालंच नाही, असा तज्ज्ञांचा अंदाज. तसंच ठेवून वरून पट्ट्या गुंडाळून टाकल्या. केंब्रिजकरांचे ठसे वाचून ते आठवलं.

पोथीवाचक
सोमवार, दुपारी १२:३०

एक वेगळा मुद्दा मांडतो, थोडा कडू वाटेल.

टॉलेमींच्या, म्हणजे इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्याच्या काळात कार्टोनाजसाठी लिननऐवजी रद्दी पपायरस वापरू लागले. सरकारी कचेऱ्यांतले जुने कागद, पावत्या, अर्ज आणि मधूनच एखादी कविता किंवा नाटक. पेट्रीला १८८९-९० मध्ये गुरोब इथे मिळालेल्या अशा कार्टोनाजातून प्लेटोच्या फायडो या संवादाचे आणि युरिपिडीजच्या हरवलेल्या अँटिओपी नाटकाचे तुकडे निघाले. मिलान विद्यापीठाने २००१ मध्ये पोसिडिप्पस या प्राचीन ग्रीक कवीच्या शंभराहून जास्त लघुकविता प्रसिद्ध केल्या, त्याही ममीच्या छातीवरच्या कार्टोनाजातून. त्यातल्या बहुतेक कुठेच शिल्लक नव्हत्या.

हे मिळवायला मुखवटा पाण्यात विरघळवावा लागतो. रंग जातो, गिलावा जातो, उरतात कागद. मी भाषेचा माणूस. एक हरवलेला कवी परत मिळत असेल तर शेकड्यांनी असलेल्या मुखवट्यांतला एखादा गेला, तर तो सौदा मला मंजूर आहे.

मंजिष्ठा
सोमवार, दुपारी २:०५

@पोथीवाचक, मला अजिबात मंजूर नाही.

एक तर आत काय निघेल हे आधी कळत नाही. कवितेच्या आशेने फोडलेल्या कितीतरी मुखवट्यांतून धान्याच्या पावत्याच निघाल्या असतील. पावत्यांनाही मोल आहे, पण चेहरा कायमचा गेला. दुसरं, हे मुखवटे 'शेकड्यांनी' असले तरी प्रत्येक एका माणसासाठी घडवलेला आहे. कुणाच्या तरी घरच्यांनी पैसे मोजून, रडून तो त्याच्या तोंडावर बसवला. कवी मोठा आणि तो अनामिक माणूस छोटा, हे आपण कोण ठरवणार?

आणि आता गरजही उरलेली नाही. वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रं घेऊन गिलाव्याखालची शाई वाचता येऊ लागलीय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या चमूने २०१७ च्या सुमारास इंग्लंडमधल्या चिडिंगस्टोन कॅसलमध्ये असलेल्या शवपेटीच्या पायाकडच्या भागावरचं नाव असंच वाचलं : इरेथोरू. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. कशालाही धक्का लागला नाही.

पोथीवाचक
सोमवार, दुपारी ३:४०

नव्या तंत्राने थरांच्या आतलं सलग वाचता येत असेल तर माझा आग्रह नाही. पण आतल्या आत दडपलेले थर अजून नीट सुटत नाहीत. थांबायचं म्हणता, तर थांबू. पोसिडिप्पस मिळाला याचा आनंद मात्र मी सोडणार नाही.

केंब्रिजकर
सोमवार, संध्याकाळी ७:१५

विरघळवण्यावरून आठवलं. तुतनखामनच्या मुखवट्याचे हालही कमी नाहीत झाले. अंत्यविधीत ओतलेली तेलं आणि राळ घट्ट होऊन ममी, मुखवटा आणि ११० किलोंची आतली सोन्याची पेटी हे सगळं एकसंध झालं होतं. १९२५ मध्ये कार्टरच्या चमूने तापवलेल्या सुऱ्यांनी डोकं मुखवट्यातून सोडवलं, आणि ते करताना धडापासून वेगळं केलं. पेटी सोडवायला तर स्टोव्हची आच दिली. त्या काळाची पद्धत म्हणून सोडून देणं मला जमत नाही, तो १८-१९ वर्षांचा पोरगा होता.

दाढी २०१४ मध्ये निखळली ती बातमी सगळ्यांना माहीत असेल. इपॉक्सीने घाईघाईत चिकटवली आणि गोंद बाहेर दिसू लागला. २०१५ मध्ये जर्मन तज्ज्ञ ख्रिस्तियान एकमन यांच्या चमूने तो गोंद लाकडी हत्यारांनी हळूहळू काढून दाढी मधमाशीच्या मेणाने पुन्हा बसवली. जुन्या कारागिरांचंच साहित्य पुन्हा कामी आलं.

नाशिकच्या_बाई
मंगळवार, सकाळी ११:२०

मंजिष्ठाताई, मी आठवीला इतिहास शिकवते. वर्गात मुलांकडून असा मुखवटा करून घेता येईल का? सरस आणि शेगडी वर्गात नको वाटतं. आणि रंग कोणते घ्यावेत? तुम्ही रंगांबद्दल लिहिणार होतात.

मंजिष्ठा
मंगळवार, दुपारी १:५०

@नाशिकच्या_बाई, जरूर करा!

सरसाऐवजी कणकेची खळ चालेल. शिजवताना चिमूटभर मोरचूद टाकतात तसं मुलांच्या कामात करू नका, ते विषारी आहे. लवंगेच्या तेलाचे थेंब टाका, बुरशी लवकर धरत नाही. कापडाच्या जोडीला वर्तमानपत्राच्या पट्ट्या घ्या, टॉलेमींच्या काळातल्या कारागिरांनी तेच केलं असतं. साच्याला फुगवलेला फुगा नको, चेहरा गोल गरगरीत होतो. शाडूचा अर्धा चेहरा पाटावर करून घ्या, चार मुलांत एक. गेसोसाठी खडूची पूड पांढऱ्या गोंदात पातळ करून वापरा. पॉलिश पेपर मारताना तोंडाला मास्क हवाच आणि ते काम व्हरांड्यात.

रंग मी असे वापरले. काळा काजळीचा, लाल गेरूचा, पिवळा पिवडीचा. बांधायला बाभळीचा डिंक. तिकडेही बाभळीच्याच जातीच्या झाडांचा डिंक रंगात घालत. पिवळ्यासाठी ते हरताळही वापरत, त्याला सोन्याची चकाकी असते. पण हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग, त्याला हातही लावू नका.

निळ्याचं मात्र वेगळं आहे. लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा, फार महाग. म्हणून त्यांनी निळा रंग भट्टीत तयार केला. वाळू, चुना, तांब्याचं खनिज आणि थोडा क्षार एकत्र करून ९०० अंशांच्या आसपास कित्येक तास भाजायचा, मग दळायचा. माणसाने कृत्रिमरीत्या बनवलेल्या सगळ्यात जुन्या रंगांपैकी हा एक. जाडा दळला तर गडद, बारीक दळला तर फिका. मुलांना हे सांगाच. वर्गासाठी कपड्यांची नीळ डिंकात कालवा, छटा थोडी जांभळट येते पण चालून जाते.

डोळे सगळ्यात शेवटी रंगवा. आधी पांढरं, मग बुबुळ, मग काजळाची रेघ कानशिलापर्यंत ओढलेली. तुतनखामनच्या मुखवट्यात डोळ्यांच्या कोपऱ्यांत लाल रंगाचा बारीकसा स्पर्श आहे, तो मुलांना दाखवा आणि करायला लावा. तेवढ्याने डोळा ओलसर, जिवंत दिसतो.

सुतारपक्षी
मंगळवार, दुपारी २:३५

@नाशिकच्या_बाई, चाळीस मुलांचे चेहरे झाले की आतल्या बाजूने सुतळीची आडवी पट्टी गोंदात बसवून घ्या. नाहीतर पावसाळ्यात कडा आत वळतात.

नाशिकच्या_बाई
मंगळवार, रात्री ८:४५

दोघांचेही मनापासून आभार. शाडू आणि खडूची पूड आजच सांगून ठेवली. मागच्या बाजूला प्रत्येक मुलाला नाव लिहायला जागा ठेवणार आहे.

अनघा_क
बुधवार, सकाळी ८:१०

ताई, वर्खाचं राहिलं. तुमच्या मुखवट्यावर सोनं लावलंत का?

मंजिष्ठा
बुधवार, सकाळी ९:३०

नाही, चेहरा पिवडीचाच ठेवला. सोनं परवडत नसे तेव्हा तेही पिवळा रंगच देत. तुम्हाला लावायचं असेल तर गेसो अगदी गुळगुळीत हवा, बोट फिरवलं तर कुठे अडकता कामा नये. त्यावर पातळ सरसाचा एक हात द्यायचा, तो ओलसर असतानाच वर्ख मऊ ब्रशने उचलून टेकवायचा आणि सुकल्यावर अकीकाने घासून चकाकी आणायची. पंखा बंद ठेवा.